मावशीची घडीची सायकल

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. तिला बहीणच नव्हती. पण ज्या ज्या घरी ती केस कापायला जाई, तिथलं लहानथोर तिला मावशीच म्हणे. तिच्याहून वयाने कितीतरी मोठे, अंथरुणाला खिळलेले आजोबासुद्धा म्हणत, "मावशी, कानामागे जरा बघा." तिची कधी ना नसे.

"नातं फुकट मिळतंय," ती म्हणे, "नको कशाला म्हणू?"

जे उठून दुकानापर्यंत जाऊ शकत नाहीत, अशा माणसांचे केस कापायचे आणि दाढी करायची, हा तिचा धंदा. ऐकायला सोपा वाटतो. पण निजलेल्या माणसाचं अर्धं डोकं उशीत असतं. एक बाजू कापायची, माणसाला अलगद कुशीवर वळवायचं, मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळल्या का, हे एकदम कधी दिसतच नाही. मग मावशी डोळे मिटायची आणि दोन्ही हातांची बोटं दोन्हीकडून वर वर न्यायची. कुठे एक गव्हाएवढा फरक असला तरी तिथे बोटं थांबायची.

केस गादीवर पडू द्यायचे नाहीत, हा दुसरा भाग. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याला गादीतला एक केससुद्धा काट्यासारखा छळतो. म्हणून तिने स्वतः एक मोठी चादर शिवली होती. मधे मानेपुरती फट, कडांना खोल दुमड. काम झालं की चादर चारी कोपऱ्यांनी उचलायची. खाली एक केस सापडणार नाही.

आणि सगळ्यात शेवटी आरसा. मूठ असलेला, गोल, काठाला थोडा पारा उडालेला. तो तिने दाखवला नाही तर काम संपलं असं ती मानत नसे. डोकं उचलून धरायची, आरसा तिरका करायची, "मागून बघा, ठीक आहे ना?" म्हणून विचारायची. काहींना दिसत नसे. काहींना समजत नसे. तरी आरसा दाखवलाच जाई.

ही सवय तिला नवऱ्यामुळे लागली. त्याचं दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान होतं. ती तिथे टॉवेल धुवायची, साबण घोटायची, आणि बघायची. मग तो आजारी पडला आणि पडूनच राहिला. धंद्यातले दोस्त भेटायला येत, फळं ठेवून जात. पण त्याच्या वाढलेल्या केसांना हात लावायला कुणी धजलं नाही. एके दिवशी तिनेच कात्री उचलली. पहिला हात असा पडला, की काही विचारू नका. त्याने आरसा मागितला. बराच वेळ बघत राहिला.

"हे गिऱ्हाईक परत येणार नाही," तो म्हणाला.

"जाणार कुठे?" ती म्हणाली.

दोघंही हसली. त्या आजारपणात तो तितका मोकळा पुन्हा हसला नाही. पुढे पडल्या पडल्या त्याने तिला सगळं शिकवलं. वस्तरा तीन बोटांवर कसा तोलायचा. कातडी कशी ताणायची. फुगवलेल्या फुग्याला साबण लावून त्यावर वस्तरा कसा फिरवायचा. आणि एक नियम, जो त्याला त्याच्या उस्तादाने दिला होता: हत्यार पाठीमागे, नजरेआड कधी ठेवायचं नाही. त्याच्या कोपरावर एक लांब पांढरा व्रण होता. नियम मोडला की काय होतं, हे विचारायची गरजच नव्हती.

तो गेल्यावर मावशीने खुर्च्या विकल्या आणि हत्यारं पिशवीत घातली. तेव्हापासून ती पिशवी कायम तिच्या समोर. बसमध्ये मांडीवर, घरात टेबलावर, चालताना छातीशी.

तिची निम्मी गिऱ्हाइकं खालच्या बाजारपेठेत होती, निम्मी टेकडीवरच्या वस्तीत. टेकडीवर पूर्वी बस जायची. मग बस बंद झाली. गाडीत माणसं कमी असतात, असं कारण दिलं गेलं. जी माणसं घराबाहेरच पडू शकत नव्हती, ती बसमध्ये कशी दिसणार, हे कुणी विचारलं नाही. मावशी पायी चढू लागली. आधी मधल्या भिंतीला टेकून श्वास घ्यायची. मग भिंतीच्या आधीच्या नळापाशी. मग नळाच्याही आधीच्या बाकावर. गुडघे कुरकुरायचे सोडून बोंबलायला लागले. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, "चढ टाळा."

"ऐकलंस ना?" घरी आल्यावर लेक म्हणाली. "वरची घरं सोड आता."

"आणि त्यांचं कोण करणार?"

"बाजारातला तो न्हावी जाईल की."

"त्याला विचारलं मी. तो म्हणतो, दुकानात पंखा आहे, मी टेकडीवर कशाला मरू?"

"मग तू का मरतेस?"

टेकडीवर सर राहायचे, आणि सरांचा उजवा गाल तिच्या ताब्यात होता. तो ती दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हती.

सर म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर. सायकलच्या शर्यतींसाठी त्यांनी मुलांच्या पिढ्या तयार केल्या. मग एक झटका आला आणि शरीराची उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश पण स्पष्ट राहिलं. उजव्या गालाला मात्र काहीच कळत नसे, ना ऊन ना गार, ना बोट ना पातं. तिथली कातडी सैल पडली होती. डाव्या अंगठ्याने ती अचूक ताणून धरली तरच वस्तरा सरळ जाई.

"उजवा गाल माझा नाहीच," सर तिला म्हणत. "तुमचाच आहे, बाई. सांभाळा."

म्हणून चढ सोडायचा नव्हता. गुडघे मात्र चढू देत नव्हते. या पेचातून सायकल निघाली.

कल्पना जावयाची. तो प्लंबर होता, गावभर हिंडायचा, रस्त्यावर काय काय आलंय हे त्याला दिसायचं. "आई, बॅटरीची सायकल येते," तो म्हणाला. "घडी पण होते. जिन्यावरून उचलून आणता येईल."

"आणि कुणाच्या घरात न्यायची झाली तर?"

"छत्रीसारखी मिटायची आणि न्यायची."

दुकानात महागड्या सायकली पुढे, दिव्याखाली उभ्या होत्या. मावशी त्यांच्यामधून सरळ मागच्या भिंतीकडे गेली. तिथे खोक्यांच्या आड एक फिकट निळी, बुटक्या चाकांची सायकल होती. बॅटरी लहान, गिअर नाहीत. किंमत आवाक्यातली.

दुकानदार लगबगीने मागे आला. "काकू, ती अगदी साधी आहे हो."

"मी तरी कुठे नटलेय? घडी करून दाखवा."

त्याने ऐटीत खटका ओढला. सायकल अर्धी मिटली आणि अडली. त्याने गुडघा लावला, बोट चिमटून घेतलं, आणि शेवटी एकदाची ती मिटली.

"आता उघडा, मी करते," मावशी म्हणाली. खटका दाबण्याआधी तिने सांध्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या वेळी तिला जमलं. तरी ती घडी घालत आणि उघडत राहिली. दुकानदाराचा चहा आला, संपला, तिची घडी चालूच.

"चालवून तरी बघा," तो म्हणाला. "स्पीड बघा. सगळे आधी स्पीडच विचारतात."

"मला स्पीड काय करायचंय? माझं गिऱ्हाईक कुठे पळून जाणार आहे?"

मग तिने पिशवीतून पांढरा स्वच्छ नॅपकिन काढला आणि चेनवरून फिरवला. नॅपकिन काळा झाला. तो तिने दुकानदाराच्या नाकासमोर धरला. "ही आजारी माणसांच्या घरात उभी राहणार. अशी गळली तर मला कोण दारात उभं करील? चेनवर झाकण बसवून द्या."

"झाकण यात येत नाही. ते त्या पुढच्यांना येतं."

"मग त्यांतलं एक काढा. त्यांना दिवा आहे, रंग आहे, त्यांचं एका झाकणावाचून काय अडणार?"

जावई हसू दाबत म्हणाला, "आई, तुम्हाला आखूडशिंगी, बहुदुधी गाय पाहिजे."

"लाथ न मारणारी. ते विसरलात."

लेक मात्र गंभीर होती. "चढावर दमणार नाही ना ही?" तिने विचारलं.

"त्यांनी थोडं पेडल मारलं तर नाही दमणार," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे दोघींनी मिळून चढायचं," मावशी म्हणाली. "चालेल." तिने सायकल मिटली, कवेत घेतली आणि स्वतः दुकानाच्या पायऱ्या उतरून दाखवल्या. झाकण बसवून मिळालं. बाहेर आल्यावर जावई म्हणाला, "आईंनी त्याची बिनपाण्याने केली."

सायकल तिला येत होती. लहानपणी भावाची सायकल ती पळवायची. बिल्डिंगच्या मागच्या फरशीवर दोनचार सकाळी ती धडपडली, वरच्या खिडक्यांमधून सल्ले आले, आणि मग पायांना जुनं सगळं आठवलं.

सरांचा वार आला. तिने पिशवी हँडलला अडकवली, समोर, डोळ्यांपुढे. दुसरीकडे कुठे ठेवण्याचा विचारही तिच्या मनात आला नाही. चढ सुरू झाला तसं मोटरने बारीक गुणगुणणं धरलं. बाक मागे पडला. नळ मागे पडला. ज्या भिंतीला ती धापा टाकत टेकायची, त्या भिंतीकडे तिने ओळख नसल्यासारखं बघितलं. वळणावर पिशवी एका बाजूला झोकांडायची, हँडल तिच्यामागे जायचं, मावशी ते ओढून सरळ करायची. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पण गुडघे गप्प होते. इतक्या वर्षांनी ते गप्प होते आणि तिचं सगळं लक्ष त्या शांततेकडे होतं.

सरांच्या सुनेने दार उघडलं. मावशीने दारातच सायकल मिटली, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि वर केस कापायची चादर टाकली.

"मावशी, हे कोण आणलंत?" सून म्हणाली.

"नवं गिऱ्हाईक. हूं की चूं करत नाही. सरांना आत्ताच सांगू नकोस, दाढी झाली की दाखवते."

आत तिने गरम पाण्यात वस्तरा बुडवला, हात शेकले, साबण लावला. डावा गाल झाला. सर वर्तमानपत्रातलं काहीतरी सांगत होते. तिने उजवी कातडी अंगठ्याने ताणली आणि वस्तरा टेकवला. पातं सरकलं नाही, अडखळत गेलं. पांढऱ्या फेसात एक लाल ठिपका उमटला आणि पसरला.

सर बोलतच होते. त्यांना काही कळलं नव्हतं. तुरटीचा खडा जवळच होता. दाबला असता तर कुणालाच कळलं नसतं.

"सर," मावशी म्हणाली, "कापलं."

"कुठे?"

"उजवीकडे. हनुवटीच्या वर."

"मला तर कळलं नाही."

"म्हणून तर सांगतेय."

तिने तुरटी लावली, रक्त थांबलं. मग वस्तरा पुन्हा उचलला, आणि उचललेला हात तिने स्वतःच बघितला. बोटं थरथरत होती. थकलेल्या माणसाची असतात तशी नव्हे, तार छेडल्यावर ती थरथरते तशी. तिने वस्तरा मिटला.

"आज हा हात माझा नाही," ती म्हणाली. "अर्धी दाढी राहू द्या."

"राहू द्या. मी कुठे लग्नाला निघालोय?" सर म्हणाले. "पण झालं काय?"

तिने सायकलचं सांगितलं. सरांचे डोळे चमकले. आणा बघू म्हणाले. पण मावशी थांबली नाही. पुढच्या घरांना तिने नंतर येते म्हणून कळवलं आणि सायकल हातात धरून टेकडी पायी उतरली.

घरी लेक म्हणाली, "आई, आता तरी समज. देवच नको म्हणतोय."

"देवाला सायकलीतलं काय कळतं?" मावशी म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता. "पाय वाचवायला गेले, हात गेले. तेलही गेलं, तूपही गेलं."

"आणि हाती हँडल आलं," जावई म्हणाला. लेकीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून पाणी प्यायला गेला.

मावशी हार मानणाऱ्यांतली नव्हती, पण आंधळेपणाने हट्ट करणाऱ्यांतलीही नव्हती. थरथरत्या हाताने ती कुणाच्या गालाला हात लावणार नव्हती. म्हणून तिने नवऱ्याची जुनी शाळा पुन्हा उघडली. रोज सकाळी पिशवी हँडलला लावायची, बिल्डिंगमागच्या चढावर चक्कर मारायची, वर यायचं आणि फुग्याला साबण लावून वस्तरा फिरवायचा. फुगा फुटायचा. जावयाने हँडलला जाड स्पंज गुंडाळून दिला. फुगा फुटला. हातमोजे घातले. फुटला. वाटेत थांबून हात झटकून बघितले. जरा उशिरा फुटला. शेजारणी चहा गाळता गाळता आवाजाची वाट बघू लागल्या. 'फट्' झालं की म्हणत, "मावशी आल्या."

तिने जर हे इथेच सोडलं असतं, तर तिला कुणी नावं ठेवली नसती. उलट शहाणी झाली म्हणाले असते. पण वरच्या वस्तीतली माणसं तिच्या डोळ्यांपुढून जाईनात. उशीवर विस्कटलेले केस. कानावर आलेल्या बटा. सरांची अर्धी दाढी.

ती अर्धी दाढी तशीच होती. सुनेने विजेवरचं यंत्र आणलं, तेव्हा सरांनी तोंड फिरवलं. निरोप मात्र पाठवला: 'सायकल घेऊन या. बसून नको, ढकलत आणा.'

मावशी सायकल ढकलत वर गेली. नळापाशी थांबली, भिंतीपाशी थांबली. गुडघे भाजून निघाले.

"इकडे आणा, पलंगाशी," सर म्हणाले. "उघडा. वर बसा. सूनबाई, मागून धर."

"सर, खोलीत?"

"मी मैदानावर येऊ शकत नाही. मैदानानेच यावं."

मावशी औषधांच्या टेबलाच्या आणि पलंगाच्या मधोमध सायकलवर बसली. सुनेने मागून कॅरिअर धरलं. "जशा येता तशा बसा," सर म्हणाले. "पिशवी कुठे असते?"

तिने ती हँडलला अडकवली. सरांनी आपला चांगला, डावा हात पुढे केला आणि तिच्या मुठीवर ठेवला. नुसता ठेवून राहिले, नाडी बघावी तसे. मग त्याच हाताच्या एका बोटाने त्यांनी पिशवीला हळूच ढकललं. पिशवी हलली, हँडल वळलं, आणि मावशीच्या मुठी आवळल्या गेल्या.

"बघितलंत?" सर म्हणाले. "सायकल तुम्ही चालवतच नाही. पिशवी चालवते, तुम्ही तिच्याशी मारामारी करता. टेकडीभर. मग हात थरथरेल नाही तर काय?"

मावशी आपल्या मुठींकडे बघत राहिली. इतके दिवस ती हाताला दोष देत होती.

"वस्तरा दाखवा कसा धरता," सर म्हणाले.

तिने वस्तरा न उघडता धरला. तीन बोटं, वर अंगठा, करंगळी मोकळी.

"हे असं हँडल धरायचं. सुटायचं असेल तर सुटेल, इतकं. आणि पिशवी मागे, कॅरिअरवर. घट्ट बांधून."

"मागे नाही ठेवत मी," मावशी म्हणाली.

"का?"

"हत्यार पाठीमागे ठेवायचं नाही. नजरेआड करायचं नाही. मालकांनी शिकवलंय." आणि तिने त्या कोपरावरच्या व्रणाची गोष्ट सांगितली.

सर हसले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात असले नियम होते, आणि त्यांनी मुलांना ते पाळायला लावले होते.

"नियम चुकीचा नाही," ते म्हणाले. "सायकलही चुकीची नाही. आता तुम्ही बघा. मला यापुढचं येत नाही."

त्या दिवशी ती पायी आली होती. हात शांत होते. तिने राहिलेली अर्धी दाढी केली, उजवा गाल ताणून, एका दमात. मग नेहमीसारखा आरसा घेतला. त्यावर साबणाचा शिंतोडा होता, तो पुसायला तिने आरसा स्वतःकडे वळवला. पुसता पुसता तिचा हात थांबला. आरशात तिच्या खांद्यावरून मागची सायकल दिसत होती. आणि सायकलीचं रिकामं कॅरिअर, अगदी स्पष्ट.

तिने आरसा थोडा इकडे केला, थोडा तिकडे केला.

"माझं डोकं इकडे आहे, बाई," सर म्हणाले.

"दाखवते," मावशी म्हणाली. "जरा थांबा."

घरी गेल्यावर तिने जावयाला हाक मारली. "पाइप भिंतीला धरून ठेवायला तुम्ही काय लावता?"

"क्लॅम्प."

"हा आरसा हँडलला बसवा त्याने. पण मला तो हाताने काढता आला पाहिजे. प्रत्येक घरी. आणि परत लावता आला पाहिजे."

त्याने दोन क्लॅम्प मोडले, तिसऱ्याला हाताने फिरवायचा नट लावला. आरशाची मूठ त्यात चपखल बसली. पिशवी कॅरिअरवर रबरी पट्ट्यांनी बांधली गेली. मावशी बसली, आरसा तिरका केला, पिशवी आरशाच्या मधोमध आली. हत्यार पाठीमागे होतं, पण नजरेआड नव्हतं. नियमातला कुठला शब्द मोठा, हे आता तिला दिसत होतं.

चक्कर मारून ती वर आली आणि फुग्याला साबण लावला. शेजारणी थांबल्या होत्या. चहा गाळून झाला, पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या. आवाज आला नाही. शेवटी समोरची एक दारातून डोकावली. "मावशी, सगळं ठीक आहे ना?"

मावशीच्या तळहातावर फुगा होता. गुळगुळीत, कोरडा, पूर्ण.

पुढच्या खेपेला ती टेकडी चढली तेव्हा नुकताच कुणीतरी रस्ता धुतला होता. चाकांखालून पाणी उडत होतं. तीन बोटं हँडलवर, करंगळी मोकळी. वळणावर हँडल आपोआप वळलं, पुन्हा आपोआप सरळ झालं. आरशात पिशवी जागच्या जागी होती. तिच्यामागे बाक गेला, नळ गेला, भिंत गेली. सगळं आधी समोर यायचं आणि मग लहान होत आरशात जायचं.

सरांनी ती खोलीत येताच डावा हात पुढे केला. "हात."

तिने आपला हात त्यांच्या तळहातावर ठेवला. हात स्थिर होता.

"साबण लावा," सर म्हणाले.

डावा गाल झाला. उजवा ताणला. वस्तरा टेकला आणि पाण्यावरून बोट फिरवावं तसा खाली आला. हनुवटीच्या वर, जिथे मागे कापलं होतं, तिथे तो क्षणभरही थांबला नाही. मावशीने गरम टॉवेलने चेहरा टिपला, बाहेर जाऊन नट फिरवला, आरसा काढून आणला, आणि सरांचं डोकं उचलून धरलं.

सर बघत राहिले. मग त्यांची नजर एका जागी थांबली.

"बाई," ते म्हणाले, "उजवीकडे काही लागलंय का?"

सरांना त्या गालाचं काही कळत नाही. आरसा सांगेल तेच खरं. ती खाली वाकली. गाल स्वच्छ होता. तिने अंगठा फिरवला. अंगठा कोरडा आला. मग तिने आरशात बघितलं. तिथे, बरोबर सरांच्या हनुवटीच्या वर, एक काळपट ठिपका होता.

तिने नॅपकिन काढला आणि आरसा पुसला. चिखलाचा शिंतोडा निघून गेला.

"रस्त्यावरचा आहे," ती म्हणाली. "तुमचा नाही."

तिने पुन्हा त्यांचं डोकं उचललं, आरसा धरला. सरांचा अर्धा चेहरा हसला, दुसऱ्या अर्ध्याला जमेल तेवढं जमलं.

"मागून पण बघू द्या," ते म्हणाले.